नाशिकच्या भांडी बाजारातले स्टीलचे बोंडले : आईविना वाढणाऱ्या बाळाच्या घरासाठी

तान्ह्या बाळाला दूध पाजण्यासाठी मी नाशिकच्या भांडी बाजारातून स्टीलचे बोंडले घेतले, त्याविषयी हे परीक्षण आहे. चोच असलेले हे लहानसे भांडे आमच्या घरात गेले काही महिने दिवसरात्र वापरात आहे. ज्या घरात बाळ आहे पण त्याची आई नाही, त्या घराने बाटली घेण्याआधी बोंडले घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते का झाले हे मी सविस्तर सांगणार आहे.

माझी मुलगी बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली. जावई अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात आणि त्यांच्या घरी वडीलधारे कोणी नाही, म्हणून देवरुखच्या घराला कुलूप लावून मी नातीसाठी इंदिरानगरला येऊन राहिले. गावी असते तर तान्ह्या बाळाचे कोणाला विचारावे, कोणाला हाक मारावी हे मला न सांगता ठाऊक होते. इथे शेजारी चांगले असले तरी सुरुवातीला सारेच अनोळखी होते, त्यामुळे प्रत्येक वस्तू स्वतः पारखून घेण्यावाचून मला गत्यंतर नव्हते.

आधी दुधाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण भांड्याची निवड त्यावर अवलंबून असते. आई नसलेल्या बाळाला दुसऱ्या मातांनी दान केलेले दूध मिळू शकते. अशी मातृदुग्धपेढी आशियात प्रथम मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. तेथे जमा होणारे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि गोठवून ठेवतात. मात्र हे दूध नेहमीच मोजके असते आणि अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना त्यात प्राधान्य द्यावे लागते, ते योग्यच आहे. आमची नात पूर्ण दिवसांची आणि अंगाने बरी असल्यामुळे डॉक्टरांनी डब्याची पावडर सांगितली. गाईचे दूध पाणी घालून पाजावे, असे मला प्रेमाने सांगणारेही भेटले, पण वर्षाच्या आतल्या बाळाला गाईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही आणि त्यातली प्रथिने व क्षार त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर तो विचार मी मनातून काढून टाकला.

पावडरच्या प्रत्येक डब्यावर, आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम, अशा अर्थाची सूचना छापलेली असते. १९९२ च्या कायद्याने ती बंधनकारक केली आहे, आणि त्याच कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. कायदा उत्तम आहे, तो नसता तर किती आयांनी जाहिरातींना भुलून अंगावरचे दूध तोडले असते याची मला कल्पना आहे. तरीही रात्री ओट्यापाशी उभे राहून ते वाक्य वाचताना माझा हात थांबतो, आणि ज्या घरात त्या वाक्याचे पालन करणे कोणाच्याही हातात उरलेले नाही, त्या घरासाठी दोन ओळी अधिक लिहिल्या असत्या तर बरे झाले असते, असे वाटते. दवाखान्यातल्या परिचारिकेने त्या दोन ओळी मला तोंडी सांगितल्या: बाटली टाळा आणि वाटी-चमचा किंवा बोंडले वापरा.

भांडी बाजार रामकुंडापासून चालत थोड्याच अंतरावर, सराफ बाजाराला लागून आहे. मुलीच्या अस्थी रामकुंडात विसर्जित करण्यासाठी आम्ही आलो होतो तेव्हा हा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे पुढे एकटीने येताना तो विचारावा लागला नाही. तांब्या-पितळेच्या घागरी, समया, घंगाळी यांनी भरलेल्या या बाजारात बाळाच्या वस्तू मागच्या फळीवर असतात, त्या मागून घ्याव्या लागतात. मी गेले ते दुकान जुने आणि अरुंद आहे, पण दुकानदाराने घाई केली नाही. बाळ किती महिन्यांचे, दूध कोणते, पाजणार कोण, हे विचारून त्याने चार निरनिराळी बोंडली माझ्यासमोर मांडली. पितळेचे एक होते, ते त्याने स्वतःच बाजूला सारले. "आजी, हे पूजेला घ्या, दुधाला नको. कल्हई उडाली की दूध कळकते," असे तो म्हणाला. जास्त किमतीची वस्तू स्वतःहून नाकारणारा दुकानदार मला विश्वासार्ह वाटला.

उरलेल्या तिघांतून निवड कशी करावी, हे त्याने दाखवले ते इथे मुद्दाम लिहून ठेवते. कापसाचा लहानसा बोळा घेऊन तो चोचीच्या कडेवरून आणि आतल्या पन्हळीतून हलकेच फिरवावा. कापसाचा एक जरी तंतू अडकला, तरी तिथे धार राहिलेली आहे असे समजावे. त्याआधी घरबसल्या मागवलेल्या एका बोंडल्याची कड नातीच्या ओठाला लागली होती, आणि डोळ्यांना ते भांडे अगदी गुळगुळीत दिसत होते. कापूस फिरवला तेव्हा दुकानातल्या तिघांपैकी दोन बोंडल्यांमध्येही एकेका ठिकाणी तंतू अडकला. तिसरे मी घेतले. ते एकाच पत्र्यातून ठोकून काढलेले आहे, चोचीला डाग देऊन जोडलेले नाही, आणि कड बाहेरच्या बाजूला वळवलेली आहे. साधारण ३० मिलिलिटर दूध त्यात मावते. किंमत दीडशे रुपयांच्या आत होती. मी एकसारखी दोन घेतली, कारण एक उकळत असताना दुसरे हाताशी असावे लागते.

चांदीचे बोंडले आमच्याकडे आधीपासून होते, नातेवाइकांनी बारशाला दिले. ते सुंदर आहे, पण त्यावरच्या नक्षीच्या खोबणीत दुधाचा साका बसतो आणि चोचीच्या सांध्याशी काळेपणा धरतो. भेट म्हणून ते जपून ठेवावे, रोजच्या वापराला काढू नये.

आता बाटलीशी तुलना. बाटलीच्या रबरी बोंडाच्या आत, झाकणाच्या आट्यांमध्ये आणि तळाच्या कोपऱ्यात दुधाचा पातळ थर राहतो, आणि नीट धुतले गेले नाही तर त्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे बाळाला जुलाब होतात. आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण ज्या बाळाला नाही, त्याला हे परवडणारे नाही. बोंडल्याचा तळ, कड, चोच सगळे डोळ्यांना दिसते. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासून, पाण्यात पूर्ण बुडेल असे ठेवून दहा मिनिटे उकळले आणि स्वच्छ फडक्यावर उपडे घातले की काम झाले. पुसण्याची गरज नाही, आणि पुसूही नये.

परंतु स्वच्छतेपेक्षाही मोठे कारण मला वापरताना कळले. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात देता येते. थकलेल्या घरांत असे होते हे मी पाहिले आहे आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याची माझी इच्छा नाही, जरी त्याने बाळाला ठसका लागण्याचा आणि कान बिघडण्याचा धोका असतो. बोंडले मात्र कशालाही टेकवता येत नाही. ते धरायला एक हात लागतो आणि बाळाला धरायला दुसरा, त्यामुळे भूक लागेल त्या प्रत्येक वेळी बाळाला कोणाच्या तरी मांडीवर यावेच लागते आणि पाजणाऱ्याला त्याच्या तोंडाकडे पाहत बसावेच लागते. आई असती तर हे आपोआप झाले असते. ती नसताना ते घडवून आणणारी वस्तू म्हणून मी बोंडल्याकडे पाहते.

जावयांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसले. सुरुवातीला ते बाळाला उचलायलाही घाबरत, पावडर आणणे, पाणी उकळणे एवढेच करत आणि दाराशी उभे राहून पाहत. एकदा मला ताप आला तेव्हा त्यांना शिकावे लागले. मांडीवर उशी, उशीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, तिची मान त्यांच्या कोपराच्या बेचक्यात, आणि दुसऱ्या हातात थरथरणारे बोंडले. पहिले बरेचसे दूध लाळेऱ्यावर सांडले. मग तिने जीभ पुढे काढून चोचीवर ठेवली आणि एक घोट घेतला, आणि तो गिळेपर्यंत आपण थांबायचे असते हे त्यांना तिच्याकडूनच समजले. आता दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा आले तरी हातपाय धुऊन ते म्हणतात, "आई, तुम्ही आडव्या व्हा, हे दूध मी पाजतो."

पाजण्याची रीत नीट शिकूनच घ्यावी, कारण चुकीच्या पद्धतीने वापरले तर हेच भांडे धोकादायक ठरते. बाळ पूर्ण जागे असावे आणि आडवे न ठेवता अर्धे बसते धरावे. बोंडले काठोकाठ न भरता दोन तृतीयांश भरावे, चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याकडे टेकवावी आणि दूध ओठाला लागेल इतकेच कलते करावे. दूध घशात ओतायचे नसते, बाळाने ते आपल्या गतीने घ्यायचे असते. त्याने तोंड मिटले किंवा मान वळवली की उरलेल्या दुधाचा मोह धरू नये, त्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. अपुऱ्या दिवसांचे बाळ, टाळू दुभंगलेले बाळ किंवा दूध घेताना वारंवार ठसकणारे, निळसर पडणारे बाळ असेल, तर डॉक्टरांनी समोर बसून दाखवल्याशिवाय घरी प्रयोग करू नये.

दूध तयार करण्याविषयीही दुकानात कोणी सांगत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात ती मिसळावी आणि मग भांडे थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या डब्यावर ३० मिलिलिटर पाण्याला सपाट एक माप असे प्रमाण आहे. ते डब्याप्रमाणे बदलते, म्हणून वाचूनच घ्यावे. पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणेच होय. तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे आणि उष्टे उरलेले टाकून द्यावे. दूध ओतून टाकताना माझ्या पिढीच्या बाईला जड जाते, पण इथे काटकसर करू नये.

या बोंडल्यात उणिवा आहेत. वेळ फार लागतो, पहिल्या आठवड्यांत तर एक पाजणे संपते न संपते तोच पुढच्याची तयारी करावी लागत असे, आणि एकट्या माणसाला रात्री हे खरोखर अवघड आहे. बाळाने किती दूध घेतले आणि किती लाळेऱ्यावर गेले याचा अंदाज येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला वजन करून घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. स्टील लवकर थंड पडते. कोकणातून आलेल्या मला नाशिकची थंडी नवीनच होती, आणि डिसेंबरात पहाटे गार चोच ओठाला लागताच मुलगी तोंड फिरवत असे. आता दूध भरण्यापूर्वी मी बोंडले उकळलेल्या गरम पाण्यात बुडवून काढते आणि चोच आधी माझ्या मनगटाला लावून पाहते, कारण अति गरम चोचही तितकीच वाईट.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे आतून मापाची एकही रेघ नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पेलीने दूध मोजून मग ते बोंडल्यात ओतावे लागते, आणि एक भांडे वाढले की उकळण्याची एक वस्तू वाढते. दुकानदाराला मी हे सांगितले तेव्हा, कारागिराकडून १० आणि २० मिलिलिटरच्या खुणा ठोकून घेता येतील का हे विचारतो, असे तो म्हणाला. खूण आतून ठोकली तर तिथे साका बसेल, म्हणून ती बाहेरून ठोकून आत हलका उंचवटा यावा, असे मी त्याला सुचवले आहे. तसे बोंडले त्याच्याकडे आले, तर आणखी एक घेईन.

प्रत्यक्ष जाणार असाल तर सकाळी दुकाने उघडल्यावर लगेच जावे, दुपारनंतर त्या गल्ल्यांत बाळाला घेऊन उभे राहायला जागा नसते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरी चढली की भांडी बाजारात पाणी शिरते, त्या दिवसांत जाण्याआधी चौकशी करावी. दुकानात बिल मागून घ्यावे आणि कापसाचा बोळा घरूनच न्यावा.