वाचनालयासाठी डेबियन १३: पॅकेजं सांभाळणाऱ्यांच्या कामावर माझं मत

लिनक्सची परीक्षणं वाचली की बहुतेकांत डेस्कटॉप कसा दिसतो याचंच वर्णन असतं. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टम, आणि तिच्याबद्दल मला वेगळं सांगायचंय. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातले संगणक मी सांभाळते. पुस्तकांची देवघेव, कॅटलॉग, आणि जुनी मराठी मासिकं स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने त्यातला मजकूर काढणं, एवढी कामं त्यांवर चालतात. या कामात डेबियनचा मला सगळ्यात मोठा आधार वाटतो तो एकाच गोष्टीचा: तिथल्या पॅकेजवर, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर, त्याची जबाबदारी घेतलेल्या माणसाचं किंवा गटाचं नाव असतं, आणि त्याने काय काय बदललं हे कोणालाही वाचता येतं.

इयन मर्डॉकने १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', आलं तेव्हा त्यात सत्तर हजारांच्या आसपास पॅकेजं होती. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आणि डेबियनमध्ये तो आणणारा मेंटेनर वेगळा. नवी आवृत्ती आणणं, ती बाकीच्या पॅकेजांशी जुळते का ते बघणं, लायसन्स तपासणं, बगना, म्हणजे चुकांच्या तक्रारींना, उत्तरं देणं, ही सगळी कामं मेंटेनरची. नवी आवृत्ती आधी 'अनस्टेबल'मध्ये जाते. तिथे साधारण पाच दिवस कोणी गंभीर बग नोंदवला नाही आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्या मोडल्या नाहीत, तर ती 'टेस्टिंग'मध्ये उतरते. दोनेक वर्षांनी टेस्टिंग गोठवून त्याचंच 'स्टेबल' करतात. मग त्यातल्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती आली तर बहुधा तेवढीच जुन्या आवृत्तीत बसवून देतात.

वाचनालयाला हेच हवं असतं. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या मावशींना बटणं कालच्याच जागी सापडली पाहिजेत. मी सकाळी दार उघडल्यावर अपडेट लावते आणि वर्गणीदार येईपर्यंत सगळं सुरू झालेलं असतं. मराठीची सोयही चांगली आहे. इन्स्टॉलर मराठीत चालतो, लोहित देवनागरी फॉन्ट एका आज्ञेत येतो, आणि टेसरॅक्टचं मराठीचं पॅकेज वेगळं बसवता येतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं चुकतात, तिथे हाताने दुरुस्ती करावीच लागते, पण पान पहिल्यापासून टंकावं लागत नाही.

स्कॅनिंगच्या एका प्रोग्रॅममध्ये फाइलचं नाव देवनागरीत दिलं की पान साठवलंच जात नव्हतं. रिपोर्टबग नावाच्या साधनाने मी ते कळवलं. हे सगळं ईमेलवर चालतं आणि प्रत्येक बगला नंबर मिळतो. मेंटेनरने माझ्याकडून छोटं उदाहरण मागवलं, स्वतः करून पाहिलं, आणि मूळ लेखकांपर्यंत पोचवलं. दुरुस्ती अनस्टेबलमध्ये लवकर आली. स्टेबलमध्ये मात्र आवृत्त्या काढणाऱ्या रिलीज टीमची मंजुरी आणि पुढची पॉइंट रिलीज, म्हणजे साठलेल्या दुरुस्त्यांचा संच, येईपर्यंत थांबावं लागलं. मला ते योग्य वाटतं. माझ्या फाइलींच्या नावांसाठी दुसऱ्या कोणाचं चालू काम अडू नये.

आता उणी बाजू, आणि ती याच व्यवस्थेतून येते. मेंटेनर मूळ प्रोग्रॅममध्ये स्वतःचे बदल करू शकतो, आणि एखादा बदल महागात पडतो. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या पॅकेजमधून काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याइतक्या थोड्या उरल्या, आणि हे उघड व्हायला मे २००८ उजाडला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रोग्रॅममध्ये चोरवाट सापडली. ती मूळ प्रकल्पातच घुसवलेली होती. तिथे वर्षानुवर्षं एकटाच माणूस काम करत होता आणि दमला होता. मदतीला म्हणून आलेल्याने विश्वास मिळवला आणि घात केला. पण ती चोरवाट एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचू शकली, कारण डेबियनसह लिनक्सच्या काही वितरणांनी (तयार संचांनी) एसएसएचला सिस्टमडी या संगणकातल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची लायब्ररी जोडणारा बदल केला होता आणि तिच्यामागून एक्सझेड आत येत होतं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने काढला, तोही डेबियन अनस्टेबलवर काम करताना. स्टेबल त्यातून वाचलं, कारण सदोष आवृत्ती तिथवर उतरलीच नव्हती. डेबियनने लगेच जुनी आवृत्ती '५.६.१+रिअली५.४.५' अशा, नवी वाटेल अशा क्रमांकाने परत आणली, म्हणजे लोकांच्या मशिनवर ती नेहमीच्या अपडेटमधूनच बसेल. पुढे एसएसएचची ती जोडणीही काढून टाकली. हे सगळे बदल पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) आहेत आणि ते मला उघडून वाचता येतात, यासाठी मी डेबियनला पैकीच्या पैकी गुण देते.

माणसं कमी आहेत, हे खरं दुखणं. कित्येक पॅकेजं 'ऑर्फन', म्हणजे मेंटेनर नसलेली, म्हणून नोंदलेली आहेत. मेंटेनर गप्प असेल तर दुसऱ्याला सूचना देऊन दुरुस्ती चढवता येते, पण तेवढी सवड कोणाला तरी असावी लागते. तुमच्या मशिनवरच्या कुठल्या पॅकेजांना माणूस हवाय हे 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' हे छोटं साधन सांगतं. ते जरूर बसवा. त्यातूनच मी एका देवनागरी फॉन्टच्या पॅकेजकडे वळले. त्यात प्रत्येक फाइलचा हक्क कोणाचा आणि लायसन्स कोणतं हे लिहावं लागतं, आणि फॉन्ट शक्यतो त्याच्या मूळ संपादनयोग्य फाइलीतून बांधून दाखवावा लागतो. नुसती कुठूनतरी उतरवलेली तयार फाइल सहसा पसंत करत नाहीत. काम किचकट आहे, पण आमच्या मासिकांचा मजकूर ज्या फॉन्टमध्ये दिसतो तो उद्या दुसऱ्या कोणालाही सुधारता येईल याची खात्री त्यातूनच मिळते. नवख्याला थेट पॅकेज चढवता येत नाही, आधी डेबियन डेव्हलपरपैकी कोणीतरी तपासून सही करायला तयार व्हावं लागतं. असा माणूस सापडणं ही नवख्यासाठी सगळ्यात अवघड पायरी आहे, आणि डेबियनने लक्ष घालावं ते इथेच.

घ्यावं का? शाळा, वाचनालय, छोटं कार्यालय असेल तर निःशंक घ्या. दर आठवड्याला नवं काहीतरी हवं असेल तर स्टेबल तुमच्यासाठी नाही. मोजक्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी पुन्हा बांधलेल्या पॅकेजांतून, मिळतात. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षं नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या असतात आणि पुढची दोन वर्षं एलटीएसचा (दीर्घकालीन आधाराचा) गट त्या करतो. तो गट देणगीदार कंपन्यांच्या पैशांवर चालतो. घेण्याआधी एक मात्र बघा: ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी डेबियन १३ चा इन्स्टॉलरच नाही. आमच्या कॅटलॉगचा एक संगणक त्यातलाच, तो मी १२ वर ठेवला आहे आणि त्याच्या जागी नवा घेण्याचा अर्ज समितीकडे दिला आहे.