टीपी-लिंक यूबी५०० ब्लूटूथ डोंगल: ड्युअल-बूटवाल्यांनी घ्यावा का?

टीपी-लिंकचा यूबी५०० हा यूएसबी पोर्टात लावायचा ब्लूटूथ डोंगल नखाएवढा असतो, पाचशे-सहाशे रुपयांच्या घरात मिळतो आणि लिनक्सवर बिनबोभाट चालतो. तरीही लॅपटॉपचं ब्लूटूथ गेलं म्हणून तो घ्यायला निघालेल्या ड्युअल-बूटवाल्यांपैकी (म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांपैकी) अनेकांना त्याची गरजच नसते. सांगलीत विश्रामबागेला, वालचंद कॉलेजच्या आसपास खोली करून राहणाऱ्या पोरांकडे विंडोजशेजारी उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकलेले लॅपटॉप काही कमी नाहीत, आणि तक्रार ठरलेली: वायफाय चालतंय, ब्लूटूथचं बटणच गायब.

दोन्ही एकाच कार्डावर असतात. पण वायफाय सहसा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने जातं, तर ब्लूटूथ त्याच स्लॉटमधल्या यूएसबीच्या वाटेने. म्हणून एक जिवंत आणि दुसरं मेलेलं असं होतं. विंडोज चालू होताना त्या चिपमध्ये फर्मवेअर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) भरतं. तिथून नुसतं रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात, तर चिपचा करंट तुटलेलाच नसतो. मग लिनक्सचा ड्रायव्हर बोलायला जातो आणि चिप गप्प बसते. मीडियाटेक आणि रिअलटेकच्या काही कार्डांवर हा त्रास जास्त.

पैसे टाकण्याआधी टर्मिनल उघडा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. आधी 'एलएसयूएसबी', ही यूएसबीवरच्या उपकरणांची यादी दाखवते. यादीत इंटेलचं कार्ड ८०८७ या आकड्याने दिसतं, रिअलटेकचं ०बीडीए, मीडियाटेकचं बहुधा ०ई८डी, १३डी३ किंवा ०४८९. ओळच नसेल तर चिप यूएसबीवर उठलेलीच नाही. ओळ असूनही ब्लूटूथ नसेल तर 'सुडो डीमेसग' (डी-एम-ई-एस-जी, सिस्टमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून ब्लूटूथच्या ओळी वाचा. उणे २ ही एरर म्हणजे फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही, लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा. उणे ११० म्हणजे चिपने वेळेत उत्तर दिलं नाही, म्हणजे वरचंच दुखणं. 'आरएफकिल लिस्ट'मध्ये 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसलं तर 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' एवढ्यावर काम भागतं.

उणे ११० किंवा गायब ओळ, दोन्हींवर औषध एकच. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पॉवरसीएफजी', जागा, 'स्लॅश एच', जागा, 'ऑफ' असं टाका. याने हायबरनेट आणि त्याच्या जिवावर चालणारं फास्ट स्टार्टअप (शट डाउन अर्धवटच करणारी सोय) दोन्ही बंद होतात. मग शट डाउन करा (रीस्टार्ट नको), चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पहिल्यांदा थेट लिनक्समध्येच जा. ब्लूटूथ परत आलं तर पाचशे रुपये वाचले. पुढेही विंडोजमधून येताना शट डाउन करूनच या.

एवढं करूनही चिप उठली नाही, तर मात्र यूबी५०० घ्या. आत रिअलटेकची आरटीएल८७६१बी चिप आहे. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१६ पासून हे मॉडेल ओळखीच्या यादीत आहे, आणि उबुंटू २४.०४ मध्ये कर्नल ६.८ किंवा त्यापुढचा असल्याने लावला की चालू. 'एलएसयूएसबी'मध्ये तो २३५७:०६०४ असा दिसतो. काउंटरवर त्याच्याच शेजारी दीड-दोनशेला 'सीएसआर ४.०' लिहिलेले डोंगल लटकत असतात, ते घेऊ नका. ०ए१२:०००१ हा नंबर सांगणाऱ्या त्या मालात नकली चिपा इतक्या निघाल्या की कर्नलमध्ये त्यांच्यासाठी वेगळी डागडुजी लिहावी लागली.

डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात, एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या शेजारी खुपसला की आवाज तुटतो. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि ब्लूटूथही तिथलंच. काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा किंवा अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन वायर वापरा. आतलं ब्लूटूथ अधूनमधून जागं होत असेल तर बायोसमधून ते बंद करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ सांभाळतं, आणि लिनक्समध्ये दोन असले की 'ब्लूटूथसीटीएल'मध्ये 'लिस्ट' आणि 'सिलेक्ट' करत बसावं लागतं.

एक दुखणं मात्र डोंगलने अजिबात जात नाही, आणि दुकानदार ते सांगणार नाही. हेडफोन विंडोजला जोडला की लिनक्समधली जोडी मोडते आणि उलटही. अडॅप्टरचा पत्ता दोन्हीकडे तोच असतो, पण जोडताना बनणारी गुप्त किल्ली दर वेळी नवी, आणि हेडफोन शेवटचीच लक्षात ठेवतो. उपाय किचकट आहे पण पक्का आहे. आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये. पुन्हा लिनक्समध्ये येऊन विंडोजचं पार्टिशन माउंट करा, 'विंडोज/सिस्टम३२/कॉन्फिग' या फोल्डरात जा आणि 'सीएचएनटीपीडब्ल्यू' या विंडोजची रजिस्ट्री (सेटिंगांचा साठा) उघडणाऱ्या साधनाने 'सिस्टम' ही फाइल उघडा. कंट्रोलसेट००१, सर्व्हिसेस, बीटीएचपोर्ट, पॅरामीटर्स, कीज या वाटेने गेलात की अडॅप्टरच्या पत्त्याखाली हेडफोनचा पत्ता आणि १६ बाइटची किल्ली दिसेल. तिचे ३२ अक्षर-आकडे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मधे जागा न सोडता, लिनक्सच्या 'व्हार/लिब/ब्लूटूथ'मधल्या त्या हेडफोनच्या 'इन्फो' फाइलमध्ये 'लिंककी'खाली 'की'समोर टाका आणि ब्लूटूथ सर्व्हिस रीस्टार्ट करा. पार्टिशनला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर आधी ते उघडावं लागेल. ब्लूटूथ लो एनर्जीवाल्या (कमी वीज खाणाऱ्या प्रकारच्या) माउसला एवढ्यावर भागत नाही, त्याला एलटीके, ईआरँड, ईडिव्ह असे जास्तीचे आकडे लागतात, शिवाय काही माउस प्रत्येक जोडणीला स्वतःचा पत्ताही बदलतात. माउससाठी सरळ त्याचा स्वतःचा रिसीव्हर असलेला घ्यावा, ब्लूटूथच्या नादी लागू नये.

कॉलवर माइक चालू केला की गाण्याचा आवाज टेलिफोनसारखा होतो, याचा दोष डोंगलच्या माथी मारू नका. क्लासिक ब्लूटूथमध्ये चांगल्या आवाजाची वाट एकेरी आहे. माइक लागला की हेडफोन दुसऱ्या, हलक्या प्रोफाइलवर जातो. मीटिंगला लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोनला 'ए२डीपी' या चांगल्या आवाजाच्या प्रोफाइलवरच राहू द्या.