बास्केटबॉल जीएम: हिशेब पक्का, कायदा कच्चा

ब्राउझर उघडा, संघ निवडा, कामाला लागा. गेम फुकट आहे. जाहिराती नकोशा वाटल्या तर गोल्ड नावाची मासिक वर्गणी आहे, पण ती न भरताही काही अडत नाही. ‘बास्केटबॉल जीएम’मध्ये चेंडू तुमच्या हाती कधीच येत नाही. तुम्ही जनरल मॅनेजरच्या खुर्चीत असता. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणाला घ्यायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाला ट्रेडमध्ये (दुसऱ्या संघाशी अदलाबदलीत) घालवायचं, हे तुम्ही ठरवता आणि सामने संगणक खेळून टाकतो.

गेम म्हणून तो व्यसन लावणारा आहे, यावर वाद नाही. इथे पाहायचं आहे ते वेगळं: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, समजून घ्यायला तो कितपत उपयोगी पडतो? खेळाडूचं वय, दर्जा आणि पगार यांचा मेळ घालायला तो फार चांगलं शिकवतो. पण कॅप ओलांडलेल्या खऱ्या संघाला काय करता येतं आणि काय नाही, हे त्याच्यावरून ठरवायला गेलात तर फसाल.

सुरुवात सेटिंग्जपासून करा, तीही लीग तयार करतानाच. प्रकार ‘सॉफ्ट कॅप’ (काही सवलतींनी ओलांडता येणारी) ठेवा. ‘हार्ड कॅप’ निवडलीत तर स्वतःच्या खेळाडूला राखण्यासाठीही कॅप ओलांडता येत नाही, आणि ती एनबीए नव्हे. मग आकडे तपासा, वेगळे असतील तर भरा. २०२५-२६ हंगामासाठी, मिलियन डॉलरमध्ये: कॅप १५४.६४७, किमान पगारखर्च १३९.१८२, लक्झरी टॅक्सची (जादा पगारखर्चावरच्या दंडाची) रेषा १८७.८९५, कमाल करार ५४.१२६, किमान करार १.२७. यातला कमाल कराराचा रकाना दगा देतो. ५४.१२६ म्हणजे कॅपच्या ३५ टक्के, आणि तेवढा पगार एनबीएत सहसा दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्यालाच मिळतो. सात ते नऊ वर्षंवाल्याची मर्यादा ३० टक्के, त्याखालच्यांची २५. गेमला मात्र सगळ्यांसाठी एकच आकडा कळतो. त्यामुळे पहिला करार संपवून आलेला बावीस वर्षांचा तारा इथे ५० च्या वर मागू शकतो. खऱ्या लीगमध्ये त्याचा पहिल्या वर्षाचा पगार एरवी ३८.६६ वर थांबला असता. शिवाय गेममधला करार सपाट असतो, दर वर्षी तेवढीच रक्कम. पाच किंवा आठ टक्क्यांची वार्षिक वाढ नाही, पर्यायी वर्षं नाहीत.

कॅपच्या वर असताना गेम तीनच दारं उघडी ठेवतो: आपल्याच खेळाडूशी पुन्हा करार, ड्राफ्टमध्ये निवडलेल्यांचे करार आणि किमान पगाराचे करार. ट्रेड करायचा तर देताय त्यापेक्षा कमी पगार घ्या. एनबीएत हा ट्रेडचा नियम साधारणपणे पहिल्या एप्रनच्या (टॅक्सच्या रेषेवरची पुढची पायरी), म्हणजे १९५.९४५ च्या वर गेलेल्यांना लागतो. कॅप आणि एप्रन यांच्या मधल्या संघाला दिलेल्यापेक्षा जास्त पगारही घेता येतो, शिवाय १४.१०४ मिलियनपर्यंतचं मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घेण्याची सवलत) हाताशी असतं. राखीव फळीतला चांगला खेळाडू अनेकदा याच वाटेनं येतो. गेममध्ये ही वाटच नसल्यामुळे कॅप ओलांडलीत की राखीव फळीत किमान पगारवाल्यांची भरती करावी लागते.

याच्या अगदी उलट, दुसऱ्या एप्रनचा (२०७.८२४) धाक गेममध्ये नाहीच. २०२५ च्या उन्हाळ्यात बोस्टननं जू हॉलिडेला पोर्टलंडला आणि पोर्झिंगिसला अटलांटाला पाठवलं, ते काही त्यांचा खेळ बिघडला होता म्हणून नव्हे. दुसऱ्या एप्रनच्या वर राहिलं की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही, टॅक्स भरणाऱ्यांना मिळणारं छोटं मिड-लेव्हलही जातं आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. गेममध्ये कितीही उधळा, भुर्दंड फक्त पैशाचा. मोठ्या शहराचा, सतत जिंकणारा संघ असेल तर तोही पचतो.

टॅक्सचंही तसंच. मूळ सेटिंगमध्ये दर सरसकट दीड आहे: रेषेच्या वर २० मिलियन, तर टॅक्स ३० मिलियन. एनबीएत २०२५-२६ पासून पहिल्यांदा भरणाऱ्यालाही टप्प्याटप्प्यानं डॉलरमागे १, १.२५, ३.५० आणि ४.७५ असे दर लागतात, एकेक टप्पा सुमारे ५.७ मिलियनचा. त्याच २० मिलियनचे मग ४६ च्या आसपास होतात. गेममध्ये हा टॅक्स प्लेऑफ संपल्यावर, त्या क्षणी हिशेबात असलेल्या पगारावर कापतात आणि जमलेली रक्कम कॅपखालच्या संघांमध्ये सारखी वाटतात. ट्रेडची मुदत हंगामाच्या अधेमधेच संपते. त्यामुळे रेषेच्या वर दोन-तीन मिलियन असाल तर मुदतीआधीच एखादा नकोसा करार कोणाच्या तरी गळ्यात मारा, सोबत दुसऱ्या फेरीचा एक पिक द्यावा लागला तरी चालेल.

फ्री एजन्सीवर (करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारावर) मात्र गेमनं खरी मेहनत घेतली आहे. आधी ड्राफ्ट, मग आपल्या खेळाडूंशी पुन्हा करार करण्याचा टप्पा, त्यानंतर फ्री एजन्सीचे ३० दिवस. कोणी घेतलं नाही की खेळाडूची मागणी दिवसागणिक उतरते, आणि त्याच वेळी जागा असलेले संगणकाचे संघ रोज कोणाला ना कोणाला उचलत असतात. समजा खेळाडू १४ मिलियन मागतोय आणि तुमच्याकडे कॅपखाली १२ ची जागा आहे. लीग फायनान्सेसच्या पानावर जाऊन किती संघांकडे त्याला परवडेल एवढी जागा आहे ते मोजा. दोन-तीनच असतील तर थांबा आणि एकेक दिवसच पुढे जा. सात-आठ असतील तर आशा सोडा. अख्खा महिना एका टिचकीत ढकलला की चांगला माल संपलेला असतो आणि उरतात ते चौतीस वर्षांचे सेंटर.

पैसा असूनही खेळाडू यायला नाही म्हणू शकतो. त्याचा मूड संघाची कामगिरी, संघाची चाहत्यांमधली हवा, शहराचा आकार, सुविधा अशा गोष्टींवर ठरतो, आणि स्वभावाची चार अक्षरं असतात: प्रसिद्धी, निष्ठा, पैसा, विजय. विजय हे अक्षर असलेल्याला हरणारा संघ जास्तच खटकतो. छोट्या शहराचा पडेल संघ घेतलात तर पैसा हे अक्षर असलेले शोधा, बाकीच्यांच्या मागे वेळ घालवू नका.

याच टप्प्यावर कॅप होल्ड (करार संपलेल्या आपल्या खेळाडूच्या नावावर कॅपमध्ये तात्पुरती धरलेली रक्कम) नसल्याची सगळ्यात मोठी उणीव कळते. २०२४ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियानं टायरीस मॅक्सीचा करार मुद्दाम लांबवला. सही होईपर्यंत त्याच्या नावावर कॅपमध्ये फक्त १३ मिलियनच्या आसपास धरले जात होते, नव्या कराराचे पहिल्या वर्षाचे मात्र ३५ होणार होते. मधल्या २२ मिलियनचा आधार घेऊन त्यांनी पॉल जॉर्जला चार वर्षांचे २१२ मिलियन दिले आणि मग कॅप ओलांडून मॅक्सीला पाच वर्षांचे २०४. गेममध्ये हा क्रम लावताच येत नाही. आपल्या खेळाडूशी फ्री एजन्सीआधी करार करा, नाहीतर तो बाजारात गेला आणि त्याच्यासाठी कॅप ओलांडायचा हक्कही गेला. एनबीएतल्या जीएमचं निम्मं कसब या क्रमात असतं.

खेळाडू सोडून देण्याचं गणितही सरळसोट आहे. उरलेला पगार करार संपेपर्यंत जसाच्या तसा तुमच्या हिशेबात राहतो. २०२५ मध्ये मिलवॉकीनं डेमियन लिलार्डचे दोन वर्षांचे सुमारे ११३ मिलियन ‘स्ट्रेच’ करून पाच वर्षांवर पसरवले, वर्षाला साडेबावीसच्या आसपास, आणि झालेल्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. (हा सौदा शहाणपणाचा होता का, हे निराळं.) गेममध्ये अशी पळवाट नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्याला पाच वर्षांचा करार देताना हात आखडता घ्या.

ड्राफ्टमध्ये दिसणारी रेटिंग्ज खरी नसतात, त्यांत मुद्दाम धूसरपणा मिसळलेला असतो. स्काउटिंगवर खर्च वाढवला की तो कमी होतो. वय मात्र पक्कं असतं. एकोणीस वर्षांचा ४५ रेटिंगचा आणि बावीस वर्षांचा ४८ रेटिंगचा समोर असतील तर एकोणीसवाला घ्या, कारण त्याच्याकडे सुधारण्याची तीन वर्षं जास्त आहेत. पहिल्या फेरीचा करार तीन वर्षांचा, दुसऱ्या फेरीचा दोन. एनबीएत पहिल्या फेरीवाल्याची पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर, आणि त्यानंतरही दुसऱ्याची ऑफर जुळवून त्याला राखता येतं. गेममध्ये ऑफर जुळवणं नाही. रुकी (नवख्याचा पहिला) करार संपताना मूडमध्ये थोडी सवलत मिळते तेवढीच. एकाच ड्राफ्टमधून पहिल्या फेरीचे तिघं घेतलेत तर तीन वर्षांनी तिघांची बिलं एकदम येतात. त्यातला एक आदल्या हंगामातच विकायचा असं ठरवून ठेवा, कारण करार संपत आलेल्या खेळाडूला हंगाम संपल्यावर ट्रेडच करता येत नाही.

उणिवा थोड्याफार भरून काढता येतात. स्टेपियन नियम स्वतःवर लादा: लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक द्यायचे नाहीत. पगारखर्च २०७.८२४ च्या वर गेला की एकाच्या बदल्यात एक, एवढाच ट्रेड. गॉड मोडमध्ये करार हातानं बदलता येतात, म्हणजे वर्षातून एकदा मिड-लेव्हलची नक्कल जमते; पण एकदा तो चालू केला की त्या लीगमध्ये अचीव्हमेंट्स मिळत नाहीत.

आणखी एक, तांत्रिक. लीग तुमच्याच ब्राउझरमध्ये साठते, सर्व्हरवर नाही. ब्राउझरचा डेटा पुसला की वीस हंगाम एका झटक्यात गेले. प्रत्येक ड्राफ्टनंतर एक्स्पोर्ट करून फाइल वेगळी ठेवा, आणि खासगी विंडोमध्ये लीग सुरूच करू नका.