आठ महिने ‘कन्स्ट्रक्ट’सोबत: डायब्लो २ च्या कॅरेक्टर फाइली वाचताना आणि लिहिताना

दादाच्या जुन्या हार्ड डिस्कवर डायब्लो २ ची अकरा कॅरेक्टर्स सापडली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. गेम २००० सालचा, ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हे एक्सपान्शन २००१ चं. दादाच्या फाइली १.१० पॅचनंतरच्या, म्हणजे आत आवृत्ती क्रमांक ९६ असलेल्या. मला त्या वाचायच्या होत्या, एका कॅरेक्टरच्या स्टॅशमधली (वस्तू साठवायच्या पेटीतली) वस्तू दुसऱ्याला द्यायची होती, आणि फाइल परत अशी लिहायची होती की गेमने ती विनातक्रार उघडावी. त्यासाठी पायथनची ‘कन्स्ट्रक्ट’ ही लायब्ररी घेतली. आठ महिने जवळजवळ रोज वापरल्यानंतर हे लिहितोय.

आधीच सांगतो, हे सगळं घरच्या संगणकावर एकट्याने खेळायच्या कॅरेक्टर्सबद्दल आहे. बॅटल.नेट या ऑनलाइन सेवेच्या रिअल्मवरची कॅरेक्टर्स सर्व्हरवर राहतात, त्यांची फाइल आपल्या हातात येतच नाही. बदललेली वस्तू घेऊन इतरांच्या खेळात शिरणं मला पटतही नाही.

पहिला प्रयत्न मी पायथनसोबत येणाऱ्या ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलने केला होता. वाचायचं फंक्शन वेगळं, लिहायचं वेगळं. दोन आठवड्यांत दोघांची फारकत झाली: वाचताना एखादी दुरुस्ती करायचो आणि लिहिताना तीच करायला विसरायचो. कन्स्ट्रक्टमध्ये फाइलीची रचना एकदाच मांडायची. पहिले चार बाइट ठरलेली खूण (५५ एए ५५ एए), मग आवृत्ती, मग फाइलीची लांबी, मग चेकसम (फाइल बिघडलेली नाही ना ते तपासायचा आकडा), २० व्या ऑफसेटवर (म्हणजे फाइलीच्या सुरुवातीपासून २० बाइट सोडून) १६ बाइटांचं नाव, ४० व्यावर क्लास, ४३ व्यावर लेव्हल. याच मांडणीवर ‘पार्स’ म्हटलं की वाचलं जातं आणि ‘बिल्ड’ म्हटलं की लिहिलं जातं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही लायब्ररी पुन्हा निवडेन.

हेडर एका संध्याकाळी झालं. खरी झोंबाझोंबी ७६५ व्या ऑफसेटपासून सुरू होते, जिथे ‘जीएफ’ ही दोन अक्षरं येतात आणि त्यापुढे कॅरेक्टरचे गुण. तिथे बाइटांचा हिशेब संपतो आणि बिटांचा सुरू होतो. ९ बिटांचा क्रमांक, मग त्या गुणाची किंमत: स्ट्रेंग्थला १० बिट, लाइफला २१, लेव्हलला ७, अनुभवाला ३२, सोन्याला २५. किंमत शून्य असेल तर तो गुण लिहिलेलाच नसतो. ५११ हा क्रमांक आला की यादी संपली.

इथे कन्स्ट्रक्टने मला चांगलंच दमवलं. लायब्ररी बिट वाचते ते बाइटमधल्या मोठ्या बिटापासून, गेम लिहितो ते लहान बिटापासून. ‘बिट्सस्वॅप्ड’ लावलं की प्रत्येक बाइटमधले बिट उलटतात, पण मग हाती येणारा ९ बिटांचा आकडाही उलटाच वाचला जातो. ‘बिट्सइंटिजर’ला दिलेला स्वॅप्डचा पर्याय बाइटांची अदलाबदल करतो, त्यामुळे ९ किंवा २१ बिटांना तो कामाचा नाही. शेवटी आकड्यातले बिट उलटवणारा छोटा अॅडॅप्टर स्वतः लिहिला. दहा-बारा ओळींचं काम, पण तिथपर्यंत पोचायला मला चार दिवस लागले. शिवाय एकूण बिट आठच्या पटीत नसतील तर लायब्ररी चूक दाखवून थांबते. त्यावर आतल्या यादीला आठचं ‘अलाइन्ड’ लावणं हा उपाय.

अॅडॅप्टर ही या लायब्ररीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. दादाच्या बार्बेरियनचं लाइफ पहिल्यांदा ३,२०,००० दिसलं तेव्हा मी गोंधळलो. मग कळलं की लाइफ, माना (जादूची शक्ती) आणि स्टॅमिना यांचे शेवटचे ८ बिट अपूर्णांकाचे असतात. २५६ ने भागलं की १,२५० येतं. वाचताना भागायचं आणि लिहिताना गुणायचं एवढं अॅडॅप्टरला सांगितलं. त्यानंतर बाकीच्या कोडमध्ये २५६ हा आकडा मला पुन्हा लिहावा लागला नाही.

चेकसमची गोष्ट थोडी वेगळी. लायब्ररीत चेकसमसाठी तयार साधन आहे, पण ते गृहीत धरतं की चेकसमची जागा आणि ज्याचा चेकसम काढायचा तो भाग वेगवेगळे आहेत. या गेममध्ये अख्ख्या फाइलीवरून बेरीज होते, चेकसमचे स्वतःचे चार बाइट त्या वेळी शून्य धरून: आधीची बेरीज एक बिट डावीकडे फिरवायची आणि पुढचा बाइट मिळवायचा. ते तयार साधनात कोंबायचा हट्ट मी सोडला. आधी शून्य ठेवून पूर्ण फाइल बनवतो, लांबी भरतो, मग पाच ओळींच्या फंक्शनने १२ व्या ऑफसेटवर चेकसम लिहितो. नव्या माणसाला मी हाच रस्ता सुचवेन.

वस्तूंच्या भागात मात्र लायब्ररीची खरी ताकद कळली. प्रत्येक जादुई गुणधर्माला किती बिट लागतात आणि साठवताना त्यात किती मिळवायचं, हे गेमच्या ‘आयटमस्टॅटकॉस्ट’ या तक्त्यात असतं. वस्तूवरची स्ट्रेंग्थ ८ बिटांत, ३२ मिळवून. कन्स्ट्रक्टची मांडणी म्हणजे साधे पायथन ऑब्जेक्ट असल्यामुळे तो तक्ता वाचून ‘स्विच’ची (क्रमांक बघून पुढची मांडणी निवडणाऱ्या साधनाची) अख्खी डिक्शनरी लूपमधून तयार करता आली. शेकडो गुणधर्म हाताने टाइप करावे लागले असते तर हे काम मी सोडूनच दिलं असतं.

तरीही एक चूक तीन आठवडे पुरली. काही वस्तू नीट वाचल्या जायच्या आणि एका अंगठीनंतर सगळा कचरा दिसायचा. त्या अंगठीवर फायर डॅमेज होतं. किमान डॅमेजचा क्रमांक ४८, कमालचा ४९, पण फाइलीत ४९ लिहिलेलाच नसतो: ४८ नंतर दोन्ही किमती लागोपाठ येतात. मी दुसऱ्या किमतीच्या जागी नवा क्रमांक शोधत होतो आणि तिथून पुढे प्रत्येक बिट सरकत होता. अशा वेळी लायब्ररीचा एरर कुठल्या फील्डपर्यंत पोचलो ते सांगतो, पण यादीतल्या कितव्या वस्तूवर अडला ते सांगत नाही. मी प्रत्येक वस्तूत ‘प्रोब’ (वाचन कुठवर आलं ते छापणारं साधन) लावून क्रमांक छापायला सुरुवात केली तेव्हा कुठे ती अंगठी सापडली. ही उणीव मला अजूनही खुपते.

वेगाबद्दल थोडक्यात. बिट वाचताना प्रत्येक बिटासाठी आत एक पूर्ण बाइट वापरला जातो, त्यामुळे लायब्ररी संथ आहे. एका कॅरेक्टरला ते जाणवत नाही, शेकडो फाइलींना जाणवेल. ‘कंपाइल’ची सोय आहे, पण माझ्या मांडणीत साध्या लॅम्बडा (बिननावाची छोटी फंक्शन्स) भरपूर असल्यामुळे मला तिचा फायदा झाला नाही. जुनी उदाहरणं वापरताना सांभाळा, कारण २.८ आवृत्तीत अनेक नावं बदलली आणि ‘यूएलइंट३२’चं ‘इंट३२यूएल’ झालं.

ज्याला हे करायचंय त्याने पहिल्या दिवसापासून एक चाचणी ठेवावी: फाइल वाचायची, काहीही न बदलता परत बनवायची आणि दोन्ही बाइटन्‌बाइट जुळतात का बघायचं. अकराच्या अकरा फाइली जुळेपर्यंत मी एकही आकडा बदलला नाही. लेव्हल हेडरमध्येही असते आणि गुणांच्या यादीतही. ती बदलताना दोन्हीकडे बदलायची. मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवायची, हे तर आलंच.

सध्या ‘रिझरेक्टेड’ या गेमच्या २०२१ च्या नव्या रूपाच्या फाइलींवर काम चालू आहे. तिथे आवृत्ती ९७ पासून वस्तूंचे कोड हफमन पद्धतीने येतात, म्हणजे प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी. त्यासाठी स्वतःचा क्लास लिहून त्यात वाचायची आणि लिहायची पद्धत द्यावी लागली. ते लायब्ररीत सहज बसलं.

जुन्या फाइलींतला शेवटचा तुकडा गेल्या महिन्यात उलगडला. वस्तूंच्या यादीनंतर मृतदेहाचा भाग, मग भाडोत्री सोबत्याच्या वस्तू, आणि नेक्रोमॅन्सर असेल तर ‘केएफ’ ही दोन अक्षरं आणि एक बाइट: आयर्न गोलेम (एखाद्या वस्तूपासून बनवलेला लोखंडी सेवक) आहे की नाही. असेल तर तो ज्या वस्तूपासून बनवला ती वस्तूही तिथेच, सगळ्या गुणधर्मांसह. दादाच्या नेक्रोमॅन्सरच्या फाइलीत तो बाइट १ होता. गोलेम कशापासून केला होता, हे दादाला आठवत नव्हतं. मी स्क्रीनवर त्या वस्तूची यादी उघडली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.