भासाचं ‘ऊरुभंग’: हरलेल्याचं महाभारत, एका अंकात

हरलेल्याच्या बाजूने महाभारत सांगायचं म्हटलं की हल्ली एक ठरलेला साचा हाती येतो. दुर्योधनाला नाहीतर कर्णाला ‘मी’ म्हणून बोलायला लावायचं, त्याच्यावरच्या अन्यायांची यादी द्यायची, पांडवांना कपटी ठरवायचं आणि द्यूतसभा आली की भराभर पान उलटायचं. अशी चारशे पानं सहज होतात. तेच काम ६६ श्लोकांत, आणि द्यूतसभेचं पान न उलटता कसं होतं ते पाहायचं असेल तर भासाचं ‘ऊरुभंग’ हे संस्कृत नाटक वाचावं. जमलं तर बसवावं.

टी. गणपती शास्त्रींना केरळात तेरा नाटकांची हस्तलिखितं सापडली आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रममधून छापली गेली. ‘ऊरुभंग’ त्यांतलंच. हस्तलिखितांवर नाटककाराचं नाव नाही. भास हा कर्ता मानण्यावरून अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण आपलं त्यावाचून अडत नाही. भास नावाचा नामवंत नाटककार होऊन गेला, हे कालिदासानेच ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत सांगून ठेवलंय.

कथा शल्यपर्वाच्या शेवटची. भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध, मोडलेल्या मांड्या आणि मृत्यू, बस्स. पण भासाने मूळ कथेत जे फेरफार केलेत, ते शल्यपर्व शेजारी उघडून ठेवल्याशिवाय लक्षात येत नाहीत. महाभारतात मांडीवर थाप मारून भीमाला खूण करतो तो अर्जुन. इथे कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारतो. त्याआधी दुर्योधनाच्या फटक्याने भीम खाली पडलेला असतो, आणि दुर्योधन त्याला म्हणतो की भिऊ नकोस, पडलेल्यावर मी वार करत नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. नियम पाळणारा कोण आणि मोडणारा कोण, ते भासाने भाषण न देता उरकून टाकलं.

महाभारतात चिडलेल्या बलरामाला कृष्ण आवरतो, इथे खुद्द दुर्योधन. मूळ कथेत धृतराष्ट्र आणि गांधारी रणभूमीवर येतात ते स्त्रीपर्वात, मुलगा गेल्यानंतर. इथे ते तो जिवंत असताना, चाचपडत त्याला शोधत येतात. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे मूळचा दुर्योधन पडल्या जागेवरून अश्वत्थाम्याला सेनापती करतो आणि रात्रीच्या कत्तलीची बातमी ऐकून समाधानाने डोळे मिटतो. भासाचा दुर्योधन अश्वत्थाम्याला धनुष्य टाकायला सांगतो आणि कत्तल व्हायच्या आधीच जातो.

आता कुणी म्हणेल, ही तर सरळ रंगसफेदी झाली. तसं होत नाही, आणि ते का होत नाही हेच या नाटकाचं मर्म आहे. अश्वत्थामा सूडाची भाषा करतो तेव्हा दुर्योधन त्याला आपला हिशेब ऐकवतो. द्रौपदीला केस धरून ओढलं, अभिमन्यू पोर असून रणात मारला, कपटाच्या फाशांनी पांडवांना जिंकून जनावरांच्या सोबतीला रानात धाडलं. त्या मानाने त्यांनी माझं जे केलं ते थोडंच, नाही का? हा श्लोक शेवटाकडे येतो, प्रेक्षक पुरता दुर्योधनाच्या बाजूला झुकल्यावर. आधी आला असता तर ती नुसती कबुली वाटली असती. इथे तो आपल्या सहानुभूतीलाच कोपरखळी मारतो. हरलेल्याची बाजू घेणाऱ्या बहुतेक लेखकांना एवढं धाडस होत नाही, त्यांचा नायक शेवटपर्यंत दुसऱ्यांच्याच चुका मोजतो.

नाटकाचा कणा म्हणजे मांडी, आणि इथे मराठी वाचकाला एक फायदा फुकटात मिळतो. संस्कृतात ऊरू (पायाची मांडी) वेगळा आणि अंक (बसायची मांडी) वेगळा. आपल्याकडे भीम मोडतो ती मांडी आणि पोर बसतं तीही मांडीच. भर सभेत द्रौपदीला दाखवली होती तीही हीच. भाषांतर करताना जांघ, कुशी, अंक असले पर्याय शोधू नयेत. एकच शब्द सगळीकडे ठेवला की नाटक आपोआप जुळून येतं.

ते कसं, याचा नमुना दुर्जयाचा प्रसंग. हा दुर्योधनाचा लहानगा भासाने आणलाय. मूळ कथेत त्याचा मुलगा लक्ष्मण, तो युद्धात मारला जातो. वडिलांना शोधून दमलेला दुर्जय त्यांच्या मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला अडवतो. मुलगा विचारतो, का अडवता? उत्तर एवढंच, की ओळखीची जागा सोड, आता कुठेही बस, आजपासून तुझं हे आसन राहिलं नाही. मग मुलगा विचारतो, महाराज कुठे चाललात? शंभर भावांच्या मागे. मलाही न्या. यावर दुर्योधन म्हणतो, जा बाळ, हे वृकोदराला (भीमाला) सांग. या एका वाक्यात राग, थट्टा आणि बापाची हतबलता एकदम येते. नट जरा जरी रडवेला झाला तरी वाक्य मेलं. ते कोरडं म्हणायचं.

आईबापांच्या प्रसंगातही मांडीच. नमस्कारासाठी उठायला जातो आणि कोसळतो. हा आपल्यावरचा दुसरा प्रहार, असं तो म्हणतो. भीमाने मांड्यांबरोबर वडीलधाऱ्यांच्या पाया पडणंही हिरावून नेलं. युद्ध हरल्याचं दुःख राज्याच्या भाषेत न सांगता वाकता न येण्याच्या भाषेत सांगितलंय. हरलेल्याची बाजू मांडायला कैफियत लागत नाही, एक अवयव पुरतो.

बसवणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पहिला साधारण एक तृतीयांश भाग तीन सैनिकांचा. रणभूमीचं वर्णन आणि मग गदायुद्ध, सगळं त्यांच्या तोंडून. वाचताना हा भाग लांबलेला वाटतो आणि पहिली कात्री इथेच लागते. कात्री लावा, पण गदायुद्ध रंगमंचावर आणू नका. एकदा खरी गदा दिसली की पुढे सरपटत येणारा दुर्योधन फक्त जखमी पैलवान उरतो. आधी त्याच्याबद्दल ऐकायचं आणि मग तो दिसायचा, ही भासाची योजना आहे.

दुर्योधन हातांच्या जोरावर, अंग ओढत येतो. समुद्रमंथन संपल्यावर सोडून दिलेल्या वासुकीसारखा, अशी उपमा तिथे आहे आणि ती नटाला पुरेपूर दिशा देते. वजन खांद्यात आणि कोपरांत, कमरेखाली काहीच नाही. इथून शेवटपर्यंत तो जमिनीवर. त्यामुळे दोन अडचणी येतात. सपाट सभागृहात मागच्या रांगांना तो दिसत नाही, म्हणून त्याची जागा उतरत्या पाटावर हवी. आणि उभी पात्रं त्याच्याभोवती कोंडाळं करतात. त्यांना एकेक करून त्याच्या पातळीला आणावं लागतं: आधी बाप, मग आई, मग मूल. शेवटी एकटा अश्वत्थामा उभा राहिला की दोघांतलं अंतर न सांगता दिसतं. दिग्दर्शक रतन थियम यांनी मणिपुरीत आणि कावालम नारायण पणिक्कर यांनी संस्कृतात हे नाटक केलं ते देहाच्या भाषेवर भर देऊनच. नुसत्या पाठांतरावर ते उभं राहत नाही.

नाट्यशास्त्राचा संकेत असा की मृत्यू रंगमंचावर दाखवू नये. इथे नायक सगळ्यांसमोर मरतो, आणि मरताना त्याला शंतनूसारखे पूर्वज, कर्ण, शंभर भाऊ, अप्सरा आणि हंसांचं विमान दिसतं. हा भाग मात्र मला घाईचा वाटतो. इतका वेळ मातीत ठेवलेल्या माणसाला दहा ओळींत स्वर्गात पोचवलंय. दोन्ही राण्यांनाही फार काही दिलेलं नाही. मालवीला धीराचे चार शब्द, पौरवी सती जायला निघालेली. आणि बलरामाचा संताप पहिल्या पानानंतर त्याच त्या पट्टीत फिरतो, तिथे कात्री खुशाल चालवा.

पुस्तक घेताना एवढं तपासा. स्त्रिया आणि दुर्जय प्राकृतात बोलतात, तेव्हा प्राकृताखाली संस्कृत छाया, म्हणजे त्याच ओळींचं संस्कृत रूप, हवी. ती नसेल तर दुर्जयाचा प्रसंगच हातचा जातो. श्लोकांना अन्वय, म्हणजे शब्दांची सरळ क्रमाने मांडणी, हवा. नांदीचा श्लोक शत्रूंना नदी करतो: भीष्म-द्रोण काठ, जयद्रथ पाणी, दुर्योधन प्रवाह, आणि पार करणारी नाव केशव. अन्वयाशिवाय त्या समासांत पाय अडकतो. परीक्षेसाठी छापलेल्या स्वस्त प्रतींत अलंकारांची नावं पानभर आणि रंगसूचना गायब, असं बऱ्याचदा आढळतं. त्या टाळा. तेराही नाटकं एकत्र हवी असतील तर सी. आर. देवधरांचं ‘भासनाटकचक्रम्’ पाहा. ते पुण्यातूनच १९३७ साली निघालं, जुन्या ग्रंथालयांत मिळतं. त्यातच ‘पंचरात्र’ही आहे. तिथे दुर्योधन दिलेल्या शब्दाला जागून पांडवांना अर्धं राज्य देऊन टाकतो आणि युद्धच होत नाही. दोन्ही पाठोपाठ वाचा, पण ‘ऊरुभंग’ नंतर.

संस्कृत जेमतेम येणाऱ्यालाही दोन संध्याकाळी पुरतात. शेवटच्या पानावर धृतराष्ट्र तपोवनाकडे वळतो आणि अश्वत्थामा शस्त्र उचलून झोपलेल्यांना मारायला निघतो. ज्याच्यासाठी म्हणून तो निघालाय, त्याने नको म्हणून सांगितलेलं असतं.