ब्युरोला एक तारा, मावशींना पाच

जूनमध्ये आई गिरगावातल्या आमच्या खोलीत मोरीच्या उंबऱ्यावर घसरली. वय ८३, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना सिस्टरने बजावलं, दर दोन तासांनी कूस बदला. मी नोकरीला, भाऊ पुण्याला, म्हणून अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला. नाव लिहीत नाही, कारण आणखी तीन ठिकाणी चौकशी केली होती, तिथेही तोच कारभार.

दर दिवसपाळीचा, सकाळी आठ ते रात्री आठ, ८०० रुपये. वर डिपॉझिट, तेही परत न मिळणारं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं गुमास्ता लायसन्स होतं. साडीच्या दुकानात असतं तेच. बाईला ट्रेनिंग कुठलं, असं विचारलं तर "सगळ्या अनुभवी आहेत, ताई" एवढंच.

पहिली मुलगी आली ती विशीतली. ती आईला काखेत धरून उठवायला गेली आणि आई किंचाळली. मुलगी घाबरून रडायलाच लागली. आदल्या आठवड्यापर्यंत ती भांडी घासायची कामं करत होती. "आजींजवळ नुसतं बसायचं, असं सांगितलं होतं मला," म्हणाली. तिच्यावर कसला राग धरू? अकरा दिवसांत तीन बदल्या झाल्या, आणि तेवढ्यात आईच्या माकडहाडावर लाल चट्टा उमटला, पडून राहून होणाऱ्या जखमेची (बेडसोरची) पहिली खूण.

मग नालासोपाऱ्याहून या मावशी आल्या. आल्या आल्या आईची जुनी नऊवारी मागितली, चौपदरी केली आणि खांद्यापासून मांडीपर्यंत आईच्या खाली सरकवली. आईचे हात छातीवर ठेवले, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घातली. "आजी, हं म्हणा," असं म्हणून साडीची कड आपल्याकडे ओढली, आणि आई अलगद कुशीवर आली. कण्हलीसुद्धा नाही. मग त्यांनी तो चट्टा बोटाने दाबून पाहिला. बोट काढल्यावर कातडी पांढरी होऊन परत लाल झाली. "अजून हातात आहे," म्हणाल्या. दहा दिवसांत चट्टा गेला.

हे मावशी एका इस्पितळात वॉर्डात काम करताना सिस्टरकडून शिकल्या. ब्युरोने काही शिकवलं नाही, विचारलंही नाही. आमच्या ८०० मधले त्यांच्या हातात ५५० पडतात. त्या पहिल्या मुलीलाही तेवढेच मिळत होते.

मला हे फार लागलं, म्हणून वाचायला बसले. ज्येष्ठांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा, दोन्ही त्यात होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. ते परत आणावं, असं मी आमच्या खासदारांना पत्राने कळवलं आहे. तुम्हीही कळवा.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. शेजारच्या काकूंना मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये मिळाले, त्यातून त्यांनी वॉकर घेतला. ६५ च्या पुढच्यांना, उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच मिळतात. सत्तरीपुढच्यांना वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. अडचण असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण इस्पितळातून घरी आणलेल्या माणसाला हात लावणारी बाई शिकलेली आहे का, हे बघणारं कोणी मला सापडलं नाही. आणि आईचं खरं आजारपण घरीच सुरू झालं.

ब्युरोत पैसे भरायच्या आधी बाईला स्वतः भेटा. कूस कशी बदलता, ते करून दाखवायला सांगा. दोन मिनिटांत कळतं.

गौरीगणपतीला मावशी आठ दिवस गावी जाणार आहेत. बदली नको म्हणून मी रजा टाकली आहे. सध्या रोज निघायच्या आधी त्या माझ्याकडून साडीची घडी घालून घेतात, आणि आई हं म्हणते.