सुदानसाठी मदत: मोठ्या संस्थेला दरमहा, तिथल्या स्वयंपाकघरांना, की कोंढव्यातल्या मुलाची फी?

खडकवासल्याच्या एनडीएतल्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात, हे पुण्यात बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान पूर्व आफ्रिकेत लढले, त्याची जाण ठेवून सुदानने १ लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीला लागले. ३० मे १९५९ रोजी सुदानच्याच राजदूतांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. माझे वडील एनडीएत कारकून होते, त्यामुळे या देशाचं नाव मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. १५ एप्रिल २०२३ला सुदानच्या राजधानीत, खार्टुममध्ये, तिथलं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा आपल्याकडून काहीतरी परत जायला हवं असं मनात आलं ते त्यामुळेच.

तेव्हापासून मी तीन वाटांनी जाऊन पाहिलं. तुम्हीही असा काही विचार करत असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

पहिली वाट सगळ्यांना सुचते तीच. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला दरमहा खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम. या संस्था जे करतात ते दुसरं कुणी करू शकत नाही, हे आधीच मान्य करतो. शेजारच्या चाडमधून आद्रेच्या सीमानाक्याने धान्याचे ट्रक पश्चिम सुदानातल्या दार्फुरमध्ये नेणं किंवा कॉलऱ्याची लस पोचवणं हे काम आपल्यासारख्या चार माणसांचं नव्हे. घरदार सोडावं लागलेल्यांचा आकडा १ कोटीच्या वर गेलेला, आणि २०२५ साठी संयुक्त राष्ट्रांनी मागितलेल्या निधीपैकी निम्माही जमला नाही. तेव्हा तिथे दिलेला रुपया वाया जातो असं मी मुळीच म्हणणार नाही.

मला खटकलं ते वेगळंच. फॉर्मवर नाव, पॅन, रक्कम, बँकेची तारीख, सगळ्याला रकाने होते. ‘सुदान’ लिहायला रकाना नव्हता. फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितलं, “सर, जिथे गरज जास्त असेल तिथे निधी जातो.” तिचं म्हणणं बरोबर आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पैसा मोकळा असला की एखादं शहर पडल्यावर रातोरात तो तिकडे वळवता येतो. कामाची ही रीत चुकीची नाही. तरी मी तीन वेळा मेल लिहून विनंती केली आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, शब्दही तेच. दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे गेल्याचा मेसेज यायचा आणि मी मनात विचारायचो, कुठे गेले? अकराव्या महिन्यात एक सुंदर छापलेलं पत्र आलं. त्यात दुसऱ्याच एका देशातल्या शाळेचा फोटो होता. त्या मुलांना शाळा मिळाली याचा आनंदच आहे. पण लहानपणापासून जे नाव घरात ऐकलं, त्या नावापर्यंत आपला हात पोचतोय असं मला एकदाही वाटलं नाही. बाराव्या महिन्यानंतर मी ते बंद केलं. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट इतकी लागणारही नाही, हे समजू शकतो.

दुसरी वाट सुदानमधल्या सामुदायिक स्वयंपाकघरांची. २०१८-१९ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा ओमर अल-बशीर याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांतल्या तरुणांनी युद्ध सुरू झाल्यावर ठिकठिकाणी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम’, म्हणजे तातडीच्या मदतीची केंद्रं, काढली. त्यांच्या स्वयंपाकघराला तिकडे ‘तकिया’ म्हणतात. आपल्याकडे फकिराच्या जागेला तक्या म्हणतात, तोच हा शब्द. आणि मिळून काम करण्याच्या त्यांच्या जुन्या रीतीचं नाव ‘नफीर’, म्हणजे आपली इर्जिक. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये बाबा आमटे आणि मेधा पाटकरांना मिळाला होता तोच. वेढा पडलेल्या दार्फुरमधल्या एल फाशर शहरात माणसं भुईमुगाची पेंड, म्हणजे गुरांचं खाणं, खाऊन जगत होती. तेव्हाही तिथली मुलं जमेल तशी चूल पेटवत होती. शांततेसाठी कुणाला बळ द्यावं असं मला विचाराल, तर यांनाच. २०२३ मध्ये जेद्दात दोन्ही बाजूंची बोलणी झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हाला बोलावलं तेव्हा लष्कर आलंच नाही. हे तरुण मात्र मोहल्ला धरून आहेत.

पण पुण्यातून त्यांना पैसे पाठवणं मला जमलं नाही. बँकेने अर्ज दोनदा परत केला, देशाचं नाव पाहूनच. कुणी म्हणेल, ओळखीच्या माणसाकडून बँकेबाहेरून परस्पर पाठवा. ती हवाला झाली, त्यात पडू नका. परदेशात भाची-पुतण्या असेल तर त्यांना सांगा, त्यांना तिथून देणं सोपं जाईल.

तिसरी वाट घरापासून दहा मिनिटांवर होती आणि ती दिसायला मला वर्ष लागलं. सुदानी मुलं पुण्यात शिकायला येतात, त्याला कित्येक वर्षं झाली. आमच्या ओळखीचा मुलगा कोंढव्यात राहतो, सिव्हिल इंजिनिअरिंग करतो. घर खार्टुमला लागून असलेल्या ओमदुरमानचं. युद्ध सुरू झाल्यावर आई-वडील वाद मदनी शहरात गेले, डिसेंबर २०२३ मध्ये ते शहरही आरएसएफच्या हाती पडल्यावर पुन्हा निघाले. वडिलांचं दुकान गेलं आणि इकडे येणारे पैसे थांबले. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. फी भरली नाही तर कॉलेज बोनाफाईड देत नाही, बोनाफाईड नसेल तर व्हिसाची मुदत वाढत नाही. असा एक हप्ता चुकला तरी विद्यार्थी बेकायदा ठरू शकतो, आणि परतायला घर नाही.

मी त्याची फी थेट कॉलेजच्या खात्यात भरतो. पावतीवर त्याचं नाव असतं. हातात रोख देऊ नका, ही एक गोष्ट आग्रहाने सांगेन. पहिल्यांदा मी दिली तेव्हा त्याची मान वर होईना. करसवलत यात नाही, पण नव्या कररचनेत देणगीवरची सूट (८०जी) तशीही मिळत नाही. रक्कम मोठी असेल तर सीएंना विचारून घ्या. उणी बाजू अशी की मदत एकालाच होते, आणि त्या एकाचं दुःख तुमच्या घरात येतं. तिकडचं नेटवर्क चार-चार दिवस बंद असलं की तो रात्री आमच्याकडे येऊन बसतो. सौ. त्याला चहा देते, तो “थँक्यू, काकू” म्हणतो आणि फोनकडे बघत राहतो. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी पहिली वाट धरावी, त्यात काही कमीपणा नाही.

गेल्या वर्षी फीबरोबर मी त्याला एक डबाही लावून दिला. दोन-तीन महिन्यांनी डबा देणाऱ्या ताईंचा फोन आला, पोळ्या वाढवू का म्हणून. मी विचारलं, पुरत नाहीत का? त्या म्हणाल्या, “दादा, एका डब्यात तिघं जेवतात. त्याच्या देशातली अजून दोन मुलं येतात संध्याकाळी.” त्याने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आता तीन डबे जातात, आणि त्या दोघांपैकी एकाच्या फीसाठी आमच्या सोसायटीतली दोन घरं पुढे आली आहेत. दुसऱ्याच्या फीची मुदत मार्चमध्ये आहे.